बंदर अब्बास

पासपोर्ट आला तेव्हा मी शेव पाडत होते.
पोस्टमन नवा पोरगा. पाकीट उलटंसुलटं करून म्हणाला,
"काकू, सून बाळंत व्हायची का तिकडं?"
सून रावेरला आहे. बाळंत होऊन चार वर्षं झाली.
मी तेलाचा हात पदराला पुसला
आणि सही केली, कोकिळा नेहेते,
पूर्ण, वेलांटीसकट.

अठरा वर्षं सावद्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
मी खोक्यांवर लिहीत होते.
तारीख, वजन, बाग कोणाची,
आणि सगळ्यात खाली, जाड काळ्या पेननं: बंदर अब्बास.
कंटेनरचं दार लागताना
आतली थंडी एकदा तोंडावर यायची, ऐन मे महिन्यात,
मग फैजपूरच्या वळणापर्यंत मागचा लाल दिवा.
बंदर हा शब्द तर आपलाच.
आणि अब्बास नावाचा पंक्चरवाला
नाक्यावरच बसायचा, आमच्या लूनाचं चाक त्यानंच काढलेलं.
त्यामुळे ते गाव मला
भुसावळच्या पुढं दोनचार स्टेशनांवर असल्यासारखं वाटत आलं.

पैसे म्हणाल तर फंडाचे आले,
गेल्या साली बागेलाही भाव बरा लागला.
वेळ आता सकाळी सातपासूनच असतो, संपता संपत नाही.
इच्छा कधीची, ते सांगता येणार नाही.
केळीच्या बुडाशी पिलं फुटतात, विळ्यानं छाटायची,
महिन्याभरात पुन्हा हिरवं टोक वर.
मी पुष्कळ छाटली. लग्नं होती, बोअर होता,
सासूबाईंचा खुबा होता.

जळगावच्या ऑफिसातला मुलगा फार गोड बोलला.
दुबई घ्या मावशी, सिंगापूर घ्या,
सोबत आपलीच माणसं, आचारीही आपला,
संध्याकाळी खिचडी-कढी.
मी म्हटलं, बंदर अब्बास.
त्यानं स्क्रीनवर बराच वेळ शोधलं.
"तिथं कोणी जात नाही हो."
"केळी जाते."
तो हसला. मग हसायचा थांबला आणि फोन लावू लागला.

शेजारची सिंधूबाई ओट्यावर येऊन बसली.
"तठी कोन हाये वं तुहं?"
कोणी नाही.
"देवाचं काही?"
नाही.
"मंग कायले?"
पाहायला.
"काय पाहायले?"

ह्याचं उत्तर मला तिला देता आलं नाही.
खोकं कोण उघडतं तिकडं,
चिकटपट्टी सुरीनं कापतं की दातानं ओढतं.
माझ्या सातच्या पोटात आडवी रेघ असते,
ती कोणाला कधी दिसली का.
फणी हातात घेऊन
तिथलीही बाई अंगठ्यानं दाबून बघते का, आपल्यासारखी.
आणि बाजारातून निघाल्यावर
समुद्र कोणत्या हाताला येतो.
एवढंच. एवढ्यासाठी कोणी दीड लाख घालत नाही,
सिंधूबाईनं ते ओठ दाबून सांगितलं
आणि शेवेची वाटी घेऊन गेली.

ह्यांना मुक्ताईनगरच्या पुढं एसटी लागते.
विमान हा शब्द काढला तरी लिंबू शोधतात.
म्हशीचं मी बघतो, म्हणाले, तू जा,
आणि महिनाभर दुसरं काही बोलले नाहीत.

काल रात्री बॅग भरून झाली.
कळण्याचं पीठ घेतलं, काढलं, पुन्हा घेतलं.
दिवा मालवल्यावर अंधारातून आवाज आला,
"तठी केळी कितीले जाते,
तेवढं इचारून येजो."

हो, म्हटलं.
त्यांनाही एक कारण हवं होतं, असू दिलं.
पंखा फिरत होता.
बाहेर म्हैस उठून उभी राहिली, परत बसली,
आणि ह्यांनी विचारलं, डझनावर विकतात का किलोवर?